डेपोचं तेल

आमच्या डेपोतली कोणती गाडी कोणत्या गावी मुक्कामाले गेली, कोणत्या डायवरचं बायकोसंग वाजलं, मॅनेजर साहेबाचं पोट कधी बिघडलं, हे सारं मले माईत असते. कॅन्टीन माही आहे ना. वच्छला म्हणा, वच्छलाबाई म्हणा, चाय मागाचा असन तं नुसतं "ओ बाई" म्हटलं तरी मी ऐकते. पण कोणी माह्यापुढं म्हटलं का "गोकुळा भानारकर काय, नशिबानं पुढं गेली," तं त्याच्यापुढचा कप मी उचलून आत नेते. मंग तो कोणी असो. नशीब गेलं चुलीत! त्या पोट्टीनं काय केलं ते मी ह्या डोळ्यानं पाह्यलं आहे.

डेपो कोणता ते विचारू नका. नाव घेतलं का वरचे लोक चौकशा करत बसतात. अहेरी, धानोरा, गोंडपिपरी, तिकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या इथून निंघतात, एवढं समजून घ्या. डेपो उंचावर आहे. त्याच्या खालतं ढिवर मोहल्ला, मच्छी मारणाऱ्या लोकायचा, अन् मोहल्ल्याच्या पायाशी तलाव. गाड्या धुवाचा रॅम्प आहे तिथून एक नाली निंघते अन् सरळ तलावात जाऊन पडते. ज्यानं कोणी ती नाली काढली त्यानं खालतं माणसं राह्यतात का नाई, हे पाह्यलंच नसन.

त्याच मोहल्ल्यातल्या लटारूभाऊची गोकुळा एकुलती एक पोट्टी. माय लहानपणीच गेली. बापानं तिले डोंग्यात, मच्छी धराच्या नावेत, बसवून वाढवली म्हणा ना. लटारूभाऊ ढिवर सोसायटीचे अध्यक्ष. बोलणं कमी, पण जे बोलले ते बोलले. एकदा म्हटलं का मी अमक्याच्या घरचं पाणी पेत नाई, तं तो अमका मेला तेव्हा मयतीले गेले, खांदा देल्ला, दिवसभर उन्हात राह्यले, पण पाणी घरी येऊनच पेले. असा माणूस. पोट्टी बी तशीच हट्टी निंघाली. फरक इतकाच का तिले कमी बोलणं जमतच नाई.

आयटीआय करून ती आमच्या वर्कशॉपात लागली, मेकॅनिक म्हणून. तिच्या आधी वर्कशॉपात बाई म्हणजे झाडू माराले येणारी. पहिल्याच दिवशी आमचे शालिकराम डायवर गाडी घेऊन आले, हिले पाह्यलं अन् म्हणे, "बाई, जरासा चाय आण वं." हे शालिकभाऊ म्हणजे मनानं सोनं, पण तोंडाले कुलूप नाई. गोकुळानं हात पुसले अन् म्हणे, "चाय वच्छलाबाई देते, भाऊ. मी तुमचा गिअरबॉक्स उतरवाले आली. सरका." सारा वर्कशॉप हासला. शालिकभाऊ बी हासले. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली होता, अन् दुसऱ्या दिवसापासून शालिकभाऊ आपली गाडी दुसऱ्या कोणाले हातच लावू देत नसत. "माही गाडी गोकुळा पाहन," म्हणे. लेकाचे, कालपर्यंत चाय मागून राह्यले होते!

मंग वरून हुकूम आला. डेपोत म्हणे पर्यावरण व्यवस्थापन लागू कराचं. साहेबानं मीटिंग कॅन्टीनमधीच घेतली, काऊन का पंखा इथलाच चालते. जळकं तेल, जुन्या बॅटऱ्या, फाटके टायर, तेलाचे फडके, गाड्या धुतलेलं पाणी, ह्या साऱ्या घाणीचं काय होते, ती कुठी जाते, तिच्यावर नजर कोण ठेवते, हे पक्कं कराचं. मंग वर्षभरानं पुन्हा पाहाचं का सुधारणा झाली का नाई. साहेब म्हणे, ह्याले एक माणूस जबाबदार पायजे. झालं! सारे लोक आपापल्या चपला पाहू लागले. एक जण तं चाय संपलेला कप पेतच राह्यला.

गोकुळा मागून म्हणे, "मी करते."

मीटिंग उठल्यावर मी तिले धरलं. "काऊन वं? वर्कशॉपचं काम कमी पडते का तुले? ह्याच्यात काय भेटते?"

"बाई," ती म्हणे, "ह्या नालीच्या दुसऱ्या टोकाले माहा बाप राह्यते."

त्याच उन्हाळ्यात तलावातली मच्छी पोटं वर करून तरंगली होती. तलावावर तेलाचा थर, अन् काठावर मेलेले रोहू. मोहल्ल्याची अख्खी कमाई गेली. मीटिंगच्या चार दिवसांनी सोसायटीवाले कुदळ-फावडे घेऊन चढून आले, नालीचं तोंडच बुजवाले. पुढं लटारूभाऊ. नाली बुजली असती तं रॅम्पचं पाणी वर्कशॉपात शिरलं असतं अन् डेपो बंद पडला असता. साहेब घाबरून आत जाऊन बसले. गोकुळा मातर आपल्या बापाच्या कुदळीपुढं जाऊन उभी राह्यली.

"पुढच्या वर्षीच्या बीजापर्यंत थांबा," ती म्हणे. बीज म्हणजे मच्छीचं बीज, बारीक पिल्लं. दर वर्षी सोसायटी तलावात सोडते. "पुढचं बीज सोडल्यावर ह्या डेपोच्या तेलाचा थेंब जरी तलावात दिसला, तं मी नोकरी सोडीन. तलावापुढं बोलून राह्यली मी."

लटारूभाऊनं तिच्याकडं पाह्यलं. "बोलली ना?"

"बोलली."

"झालं मंग." कुदळ खांद्यावर टाकली अन् उतरून गेले. मागून सारा मोहल्ला गेला.

मले असा राग आला तिचा! म्हटलं, "अवं बयताड, नोकरी म्हणजे काय शेंगदाणे आहेत का, मूठभर फेकाले? बापाचं जाळं आज भरते, उद्या रिकामं येते. घर तुह्या पगारावर चालते. अन् तुहा बाप कसा माणूस आहे, तुले माईत नाई?"

"माईत आहे म्हणूनच तं देल्ला शब्द," ती म्हणे. "दुसऱ्याच्या बापाले कोणी असा शब्द देत असते का?"

मंग ती जी कामाले लागली, बापरे! इंजिनिअर साहेबाकडून रॅम्पच्या खालतं तीन खणांची टाकी बांधून घेतली. पाणी खालून पुढं जाते अन् तेल वर अडकून राह्यते, अशी. नकाशा इंजिनिअरचा, पण सिमेंट येईपर्यंत साहेबाच्या डोक्यावर बसली ही. टाकीवरचं तेल रोज आपल्या हातानं काढे. जळक्या तेलासाठी वेगळी खोली, तिले उंच उंबरठा, दाराले कुलूप, चावी हिच्या गळ्यात. तिथून तेल सरकारमान्य गाडीतच भरून जाईन, दुसरीकडं नाई. तेलाचे फडके बी डब्यात. एकदा एका क्लिनरनं फडका नालीत फेकला, तं हिनं तो काढून त्याच्या टिफिनवर ठेवला. तो पोट्टा अजून टिफिन उघडून पाह्यल्याशिवाय जेवत नाई.

माह्या कॅन्टीनलेबी सोडलं नाई तिनं. म्हणे, तुमच्या भज्याच्या कढईचं तेलकट पाणी त्याच नालीत जाते. मी म्हटलं, "माह्या भज्याले नाव ठेवाचं नाई!" कडकडून भांडलो आमी. मी तिले चाय देणं बंद केलं, ती कॅन्टीनच्या दारात उभी राहून माह्या मोरीकडं नुसतं पाहत राहे. शेवटी मीच जाळी बसवली. आता दुसऱ्या कोणी मोरीत तेल ओतलं तं मीच त्याच्या अंगावर धावून जाते, ते वेगळं.

वर्षानं तपासणीवाले आले. नालीचं पाणी बाटलीत भरून नेलं. साफ निंघालं. साहेबाचा सत्कार झाला, अन् साहेबानं तो हार जसाच्या तसा गोकुळाच्या गळ्यात टाकला. माणूस भेकड आहे, पण खोटा नाई. गोकुळा हार घालूनच गाडीखाली शिरली. ऐट होती तिच्यात, अन् काऊन नसावी? कमावलेली ऐट होती.

मंग बीजाचा दिवस आला. ढिवर मोहल्ल्यात त्या दिवशी सण असते. डोंगे धुवून, तेल लावून, हळद-कुंकू वाहून काठाले रांगेनं बांधतात. नारळ फुटते. बीज एकदम तलावात सोडत नाईत, मोठी मच्छी खाऊन टाकते ना. घाटाजवळच बारीक जाळीचा वाडा करतात अन् पिल्लं बोटाएवढी होतपर्यंत त्यातच ठेवतात. मी बी गेली होती. लटारूभाऊनं पिल्लांची पहिली थैली गोकुळाच्या हातानं सोडवली. त्या माणसाच्या तोंडावर हासू मी त्या दिवशी पाह्यलं, अन् मले वाटलं, चला, निभलं बाप्पा!

काई दिवस बरे गेले. अन् एका सकाळी, मी भज्याचं पीठ भिजवत होती, तं लटारूभाऊ गेटाबाहेर उभे. आत आले नाई. तिथूनच म्हणे, "गोकुळा. तलावावर तेल आहे. बीज मरून राह्यलं. उद्या सकाळी सोसायटी बसते." एवढं बोलले अन् गेले. बाप आहे का दगड!

गोकुळाचं तोंड एकदम उतरलं. पाना टाकून ती टाकीकडं धावली. झाकण काढलं. टाकी साफ. तेलाच्या खोलीचं कुलूप पाह्यलं. जागच्या जागी. मंग ती नालीसंग खालतं उतरू लागली, दर पावलाले वाकून पाण्यात बोट घालून पाहे. मी मागून आपले गुडघे सांभाळत. म्हटलं, एकटी सोडाची नाई आज हिले. नाली तलावात पडते तिथलं पाणी बी साफ होतं. पण पलीकडं घाटाजवळ, पिल्लांच्या वाड्यावर, पाण्यावर निळे-जांभळे पट्टे दिसून राह्यले होते. जाळीले लागून पिल्लं मरून पडली होती, पांढरी पांढरी. मले पाहवेना.

"नालीतून नाई आलं, दिसलं ना?" मी म्हटलं. "सांग तसं सोसायटीले. सुटली तू."

"आलं कुठून ते समजल्याबिगर कशी सुटली, बाई?"

असं म्हणून ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. वाड्याच्या बाजूले डोंगे बांधले होते. सगळ्यात जवळचा लटारूभाऊचा. तिनं त्याच्या बुडाखालून हात फिरवला अन् वर काढला. हात काळाकुट्ट! नाकाजवळ नेला. मंग दुसऱ्या डोंग्याले हात लावला. मंग तिसऱ्याले. सारे तसेच.

"बाई, हे आपल्या गाड्यांचं तेल आहे," ती म्हणे.

आता हे तेल तिथी कसं गेलं, ते आमच्याकडच्या माणसालेच समजन. आमच्या गाड्या जंगलातल्या गावी मुक्काम करतात. रातच्याले डायवर-कंडक्टरले गावातलं कोणीतरी जेऊ घालते, खाट देते, थंडीत शेकोटी पेटवून देते. पैसा कोणी घेत नाई. मंग डायवर पुढच्या खेपेले काय आणन? जळक्या तेलाची डबकी, म्हणजे लहान डबा. घराच्या खांबाले, दाराले, बैलबंडीले ते तेल लावलं का उधई, वाळवी लागत नाई. बापजाद्यापासून चालून राह्यलं हे. तेल बदलताना गाडीखालीच डबकी धराची, भरली का सीटखाली ठेवाची. ते तेल खोलीतल्या ड्रमात जातच नाई, मंग कुलपात कुठून असन? आधी आमचे ढिवर डोंग्याले टोरीचं तेल लावत, मोहाच्या बियांचं. पण ते गाळाले मेहनत लागते, अन् हे फुकटात घरपोच येते.

आमी वर आलो. शालिकभाऊ कॅन्टीनमधी बसले होते. गोकुळानं आपला काळा हात त्यायच्यापुढं टेबलावर ठेवला. "भाऊ, मोहल्ल्याले तेल कोणी देल्लं?"

शालिकभाऊ खूश! "मीच देल्लं! बीजाचा सण होता ना? म्हटलं, आपल्या गोकुळाचा मोहल्ला, एकबी डोंगा कोरडा नाई राह्यला पायजे. तुह्या बाबाच्या डोंग्याले तं दोन हात लावले मी सोता."

"भाऊ, एवढं वर्षभर मी घसा फोडून राह्यली, तेल बाहेर जाऊ देऊ नका म्हणून."

"अवं, पण ते पर्यावरण वेगळं! हे तं देणं-घेणं आहे."

मी कपाळाले हात मारला. पण गोकुळा त्यायच्यावर ओरडली नाई. म्हणे, "तुमाले काय बोलू, भाऊ? आमच्या घरचा दरवाजा बी ह्याच तेलानं काळा आहे. त्याच दारातून रोज डूटीले येते मी, अन् मले बी दिसलं नाई." तेव्हा कुठी शालिकभाऊच्या डोक्यात उजेड पडला. चाय तसाच टाकून उठले ते. म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी घाटावर सोसायटी बसली. मी कॅन्टीन बंद ठेवून गेली, म्हटलं, भजी मरो आज. गोकुळानं उभं राहून सारं सांगितलं. बापाचा डोंगा पहिला दाखवला, बाकीचे मागून. लपवलं काईच नाई.

लोकायच्या जिवात जीव आला. रुखमाबाई म्हणून मोहल्ल्यातली जुनी बाई आहे, ती म्हणे, "मंग पोरीची काय चूक? नाली साफ आहे. तेल आपणच लावलं, आपलेच हात काळे. सुटली पोट्टी!" सारे "हो, हो" करू लागले. मी तं हातच जोडले देवाले.

अन् ही! ही म्हणे, "नाई, रुखमाबाई. मी नालीचा शब्द देल्लाच नव्हता, तेलाचा देल्ला होता. डेपोच्या तेलाचा थेंब तलावात दिसला तं नोकरी सोडीन म्हटलं होतं. हे तेल डेपोचंच आहे. मी नालीवर पाहारा ठेवला अन् गेट उघडं राह्यलं. ज्यायचं बीज मेलं त्यायले मी काय सांगू, का नालीतून नाई, गेटातून आलं?"

साऱ्यायनं लटारूभाऊकडं पाह्यलं. एक शब्द बोलाचा होता त्या माणसानं. "जाऊ दे पोरी," एवढंच. ते बसल्या जागेवरून उठले, धोतर खोचलं अन् म्हणे, "डोंगे बाहेर काढा." बस!

गोकुळा वर निंघून गेली. मले राहवलं नाई. म्हटलं, "लटारूभाऊ, जीभ झडली का तुमची? पोटची पोर आहे ती!" त्यायनं ऐकलं नाई का ऐकून सोडून देल्लं, देव जाणे. पिल्लांचा जाळीचा वाडा ओढून पलीकडच्या साफ पाण्यात नेला, सारे डोंगे काठावर ओढले, पालथे केले, अन् कोंडा-राख लावून खुरप्यानं घासत बसले. ऐन मच्छीच्या दिवसात अख्ख्या मोहल्ल्याचे डोंगे कोरड्यावर! दिवसभर घाटावरून खरडण्याचा आवाज येत होता. मी रागानं त्या दिवशी चायात साखरच टाकली नाई, अन् कोणाची विचाराची हिंमत बी झाली नाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गोकुळा डेपोत आली ती साडी नेसून. वर्कशॉपचे कपडे नाई. झिमझिम पाणी पडून राह्यलं होतं. ती सरळ साहेबाच्या केबिनमधी गेली. मी चायचं निमित्त करून मागंच. तिनं गळ्यातली तेलाच्या खोलीची चावी काढली अन् टेबलावर ठेवली. साहेब म्हणे, "गोकुळाताई, असं कसं? कोणी मागितली का तुमची नोकरी?" ती म्हणे, "साहेब, मागाची वाट पाहाची नसते." आवाज पक्का होता, पण चावीवरून बोट उचलत नव्हती. मी पाह्यलं ना.

एवढ्यात गेटावर गलका झाला. आमी बाहेर येऊन पाहतो तं लटारूभाऊ. डोक्यावर खताची चुंगडी, पोतं, गच्च भरलेलं. डोंग्यायचं खरडलेलं सारं तेल, कोंडा, राख, लाकडाचा भुसा, एक कण मागं ठेवला नाई. पण चुंगडीले बुडाशी छेद होता, अन् त्यातून काळं पाणी त्यायच्या कपाळावर गळत होतं.

वॉचमन म्हणे, "ठेवा ना भाऊ खालतं."

"ठेवत नाई. पाणी पडून राह्यलं. इथी ठेवलं का नालीत, नालीतून माह्या तलावात. डेपोचं तेल आहे, वापस आणलं. कोणापाशी द्याचं ते सांगा."

साहेब पुढं झाले. लटारूभाऊनं त्यायले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "तुमी ठेवाल बरोबर?" साहेब मागं सरले. शालिकभाऊ धावून आले, "द्या भाऊ, मी धरतो."

"तू नको धरू, शालिकराम! तू धरलं का पुन्हा कोणाच्या बंडीले लावून देशीन."

लोक हासले. गोकुळा मातर नाई हासली. ती पायरीवर उभी होती, रिकाम्या गळ्यानं.

"बाबा, खालतं ठेवा. मान मोडन तुमची."

"हे कोण घेते इथी?"

"मी घेत होती. आता मी इथी कोणी नाई, बाबा. शब्द गेला माहा."

"मंग मी उभाच राह्यतो."

अन् राह्यले ना बाप्पा उभे! मान थरथरून राह्यली, एक डोळा काळ्या पाण्यानं मिटलेला, पण हात खालतं येईना. तिकडं धानोऱ्याच्या गाडीचा टाइम झाला होता, तिचे पॅसेंजरबी खिडकीतून पाहून राह्यले होते. मी ओरडली, "गोकुळा! जीव जाईन म्हाताऱ्याचा!"

लटारूभाऊ म्हणे, "शब्द तू देल्ला होता. पण घेतला कोणी? मी घेतला होता ना? मंग वापस कराचा हक्क बी माहाच. आजवर कोणाले केला नाई. तुले करून राह्यलो. हे उतरव आता, पोरी. माह्यानं होत नाई."

उभ्या जन्मात ह्या माणसानं "माह्यानं होत नाई" म्हटल्याचं मोहल्ल्यात कोणाले आठवत नसन. गोकुळा पायऱ्या उतरून धावली. रडत होती, हमसून हमसून, साऱ्या डेपोपुढं, अन् तिले त्याची लाज नव्हती. तिनं चुंगडी बापाच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतली. नव्या साडीवर काळे ओघळ आले. मी बी रडली, शालिकभाऊ बी रडले. साहेब टेबलावरची चावी घेऊन तिच्या मागं धावले.

ती तेलाच्या खोलीकडं चालू लागली. अन् लटारूभाऊ तिच्या पाठीमागं, चुंगडीच्या छेदाखाली आपली दोन्ही हातांची ओंजळ धरून, पार उंबरठ्यापर्यंत.